एशियाडचा एक रुपया

स्पर्धा मोठी असली की टीव्हीवाल्यांना देशप्रेमाचे भरते येते. मग ते ऑलिम्पिक असो की क्रिकेटचा विश्वचषक. गालावर तिरंगा रंगवलेली माणसे पडद्यावर येतात, निवेदकांचा आवाज चढतो आणि सबंध देश एका ठिकाणी बसून एकच गोष्ट पाहतो आहे असे आपल्याला सांगितले जाते. सबंध देश! या दोन शब्दांपाशी आम्ही दरवेळी अडतो. हा सबंध देश पडद्यावर पहिल्यांदा मोठ्या थाटामाटात जमा केला गेला तो नोव्हेंबर १९८२ मध्ये, दिल्लीच्या नवव्या एशियाडच्या निमित्ताने. आणि त्या वेळी पडद्याबाहेर कोण राहिले याचा लेखी पुरावा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. तो आमच्या वाचकांनी एकदा तरी पाहिला पाहिजे, कारण त्या निकालपत्राचा पाया बाबासाहेबांनी घातलेला आहे.

खेळाचा महोत्सव आणि टीव्ही यांचे लग्न लावण्याचे काम बहुतेक वेळा सरकारेच करतात. १९३६ साली बर्लिनमध्ये हिटलरच्या राजवटीने शहरात खास दालने उघडून जर्मन जनतेला ऑलिम्पिक टीव्हीवर दाखवले. वंशश्रेष्ठत्वाची जत्रा भरवली आणि त्याच जत्रेत जेसी ओवेन्स या काळ्या धावपटूने चार सुवर्णपदके नेली, ही गोष्ट वेगळी. १९६४ साली टोकियोने उपग्रहावरून चित्रे पाठवून जगाला सांगितले की आम्ही महायुद्धाच्या राखेतून उठलो आहोत. प्रत्येक यजमान सरकारला जगापुढे एक चेहरा ठेवायचा असतो. टीव्हीचा कॅमेरा म्हणजे त्या चेहऱ्याला पावडर लावणारा हात.

आपल्याकडे ही पावडर रंगीत होती. तोवर दूरदर्शन कृष्णधवल होते. रंगीत टीव्हीचा आग्रह धरणारे माहिती व नभोवाणी मंत्री आपल्या महाराष्ट्राचेच, वर्ध्याचे खासदार वसंत साठे. गरीब देशाला ही चैन कशाला, असा सवाल तेव्हा अनेकांनी केला. साठे बधले नाहीत. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम दाखवायला सुरुवात झाली, रंगही त्याच सुमारास आले. एप्रिलमध्ये सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ हा उपग्रह सप्टेंबरात निकामी झाला, तरी सरकार थांबले नाही. पर्यायी व्यवस्था उभी केली. रंगीत चित्रणाची यंत्रे आली, ठिकठिकाणी कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे बसवली, परदेशी रंगीत संचांसाठी आयातीचे नियम सैल केले. आमच्या वस्त्यांत पाण्याचा नळ यायला तीस-तीस वर्षे लागतात. सरकारने मनात आणले तर काही महिन्यांत काय काय होऊ शकते, याचा हा नमुना आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

आम्ही त्या वर्षी दहावीत होतो. परळच्या आमच्या चाळीत मजल्यावर एकच टीव्ही, तोही कृष्णधवल. पोस्टात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचा. त्यांना सगळे तात्या म्हणत. एशियाड येणार म्हणून तात्यांनी लालबागहून एक प्लास्टिकची काच आणून टीव्हीपुढे लावली. वरचा पट्टा निळा, मधला तांबूस, खालचा हिरवा. म्हणजे आकाश निळे, माणसे गोरी आणि मैदान हिरवे दिसावे अशी योजना. पोहण्याच्या शर्यतीत पाणी मात्र हिरवे दिसे आणि माणूस उंच उडी मारू लागला की त्याचे डोके निळे होई. तरी आम्ही पोरे दुसऱ्या चाळीत जाऊन सांगत असू की आमच्याकडे रंगीत आहे.

हे १९८२ साल मुंबईच्या गिरणगावात कोणी विसरू शकत नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. एशियाड सुरू झाले तेव्हा संपाला दहा महिने झाले होते. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, रिंग खात्यात होते. आमच्या जातीची माणसे रिंग खात्यातच का असत आणि साचा खात्यात का नसत हे जुन्या वाचकांना सांगायला नको. साच्यावर कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८ च्या संपात कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. असो. तो वेगळा विषय आहे.

संपात घर चालवायला दादा नाक्यावर उभे राहू लागले. सकाळी सातला घमेले घेऊन नाक्यावर जायचे, मुकादम बोटाने माणसे मोजणार, जी मोजली गेली त्यांना त्या दिवसाचे काम. गिरणीत ज्याला ‘कामगार’ म्हणत त्याला नाक्यावर ‘बिगारी’ म्हणू लागले. मुकादम रोजामागे एक रुपया कापून घेई. का कापतो, असे कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी बोट वळत नसे.

१९ नोव्हेंबरला एशियाडचे उद्घाटन झाले. जवाहरलाल नेहरू स्टेडियम नवेकोरे, पाऊण लाख माणसे बसतील एवढे. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग, पंतप्रधान इंदिरा गांधी, पंडित रविशंकरांच्या संगीतातले स्वागतगीत, तेहतीस देशांचे खेळाडू आणि अप्पू हत्ती. तात्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीस-चाळीस माणसे दाटली होती. पोरे पुढे, बाया कॉटवर, पुरुष दारात. दादा कामावरून परस्पर आले होते, पायाच्या नखांत सिमेंट. कॅमेरा स्टेडियमच्या सज्ज्यांवरून फिरत होता. सगळे गप्प होते, तेवढ्यात दादा मोठ्याने म्हणाले,

“एवढा स्लॅब घातला, म्हणजे रात-रात घमेली फिरली असतील.”

“गप बसा हो, बघू द्या,” असे कोणीतरी मागून ओरडले. आम्हालाही तेव्हा दादांची लाजच वाटली होती. एवढी देशाची शान चालली आहे आणि यांना घमेली दिसतात! पुढे कायद्याच्या अभ्यासाला लागलो आणि सिद्धार्थ विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक निकालपत्र हाती आले. ते वाचून ती लाज उलटी फिरली. त्या खोलीत एशियाड नीट पाहणारा माणूस एकटा आमचा बाप होता.

ते निकालपत्र आहे पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार. तारीख १८ सप्टेंबर १९८२. म्हणजे उद्घाटनाच्या बरोबर दोन महिने आधी. न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठाचे. वकिलाने थाटात दाखल केलेला दावा नव्हता तो. तीन समाजशास्त्रज्ञांनी एशियाडच्या बांधकामांवर जाऊन मजुरांची स्थिती पाहिली, अहवाल लिहिला आणि त्या आधारे संघटनेने न्यायमूर्ती भगवतींना एक पत्र पाठवले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले.

पत्रात काय होते? उड्डाणपूल, स्टेडियम, पोहण्याचे तलाव, खेळगाव, हॉटेले अशी बांधकामे दिल्लीत चालली होती. कामे दिल्ली प्रशासनाची, दिल्ली विकास प्राधिकरणाची, नवी दिल्ली नगरपालिकेची. पण या सरकारी यंत्रणांनी ती कंत्राटदारांकडे सोपवली होती आणि कंत्राटदारांनी माणसे आणण्याचे काम जमादारांकडे दिले होते. जमादार म्हणजे आपल्याकडचा मुकादम. हे जमादार राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा राज्यांतून माणसे गोळा करून आणत. किमान वेतन होते रोज ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार ते जमादाराच्या हातात देई आणि जमादार त्यातला रुपया स्वतःचे कमिशन म्हणून ठेवून मजुराला ८ रुपये २५ पैसे देई.

एक रुपया. इथपर्यंत वाचून आम्ही निकालपत्र मिटून ठेवले होते, ते आठवते. परळच्या नाक्यावरचा रुपया आणि नेहरू स्टेडियमच्या शहरातला रुपया एकच होता.

बायांचे त्याहून वाईट. त्यांच्या हाती सात रुपये पडत. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झालेला होता, तो कागदावर. चौदा वर्षांखालची मुले कामाला होती. त्यावर सरकारी बाजूने बचाव काय केला, तर १९३८ च्या बालमजुरी कायद्याच्या यादीत बांधकाम हा धंदाच नाही! म्हणजे कायद्याने कारखान्यात मूल नको, पण स्टेडियमच्या परातीवर चालेल. परराज्यातून आणलेल्या मजुरांसाठीचा कायदा १९७९ साली संसदेने केला होता, पण दिल्लीत त्याचे नियम निघाले ४ जून १९८२ रोजी, एशियाडची बहुतेक कामे उरकत आलेली असताना. ज्या मजुरांसाठी तो कायदा होता ते तोवर राबून झाले होते.

आणि सरकारचा मुख्य युक्तिवाद तर आजही जशाच्या तसा ऐकायला मिळतो. हे मजूर आमचे नाहीत, कंत्राटदाराचे आहेत! नालेसफाईत गुदमरून माणूस मेला की महापालिका जे बोलते तेच. न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. काम तुमचे, तर कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्याची जबाबदारीही तुमची, असे बजावले. कायदे मोडणाऱ्या कंत्राटदारांना दंडाधिकारी किरकोळ दंड करून सोडत होते, त्याबद्दलही न्यायालयाने नाराजी दाखवली.

पण या निकालाचा गाभा आहे तो घटनेच्या तेविसाव्या कलमात. त्या कलमाने माणसांचा व्यापार, बेगार आणि बेगारीसारखी सक्तीची मजुरी यांना बंदी घातली आहे. प्रश्न असा आला, की ज्याला पैसे मिळतात, थोडे का होईना, त्याला बेगार कसे म्हणायचे? न्यायालयाने म्हटले, सक्ती काही फक्त सोट्याची नसते. पोटात भूक आहे, दुसरे काम नाही, म्हणून माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला तयार होतो, तेव्हा ती भूक हीच सक्ती. म्हणून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरी आहे आणि ती घटनेने बंद केलेली आहे. शिवाय सतरा, तेवीस आणि चोवीस या कलमांतले हक्क केवळ सरकारविरुद्ध नाहीत, ते खाजगी माणसाविरुद्धही बजावता येतात. अस्पृश्यता पाळणारा, वेठीला धरणारा आणि लहान मुलाला धोक्याच्या कामाला लावणारा, मग तो कंत्राटदार असो नाहीतर जमादार, या तिन्ही ठिकाणी राज्यघटना त्याच्या दारापर्यंत जाते.

सतरा, तेवीस, चोवीस. ही तीन कलमे एका माळेत कोणी ओवली? ज्याच्या बापजाद्यांनी वेठबिगार सोसली त्यालाच ती तशी ओवता येतात. महारकी काय होती? गावाचा सांगावा घेऊन दहा कोस पळायचे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे, रात्री गस्त घालायची आणि मोबदल्यात बलुते म्हणून उष्टे-पाष्टे. ती वतनाची बेडी तोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्येही सक्तीची मजुरी हा गुन्हा मानावा असे त्यांनी लिहून ठेवले. हलकी गाववतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. वतन गेले, पण शब्द मागे राहिला. मुंबईच्या नाक्यावर अकुशल मजुराला आजही बिगारी म्हणतात. बेगार हा शब्द घटनेने गुन्हा म्हणून नोंदवला आणि समाजाने हुद्दा म्हणून ठेवून घेतला!

निकालपत्रात मजुरांची जात नोंदलेली नाही. पण गाव सोडून बायकापोरांसह शहराच्या स्लॅबवर येणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. एका ठिकाणी मात्र न्यायमूर्ती भगवतींच्या लेखणीतून जात आलीच. गोरगरिबांच्या याचिका घेऊन न्यायालयाचा वेळ घालवू नका, खटले आधीच तुंबले आहेत, अशी टीका तेव्हा होत होती. त्यावर त्यांनी विचारले, की साखरसम्राटांना आणि मद्यसम्राटांना धंदा करून तुंबड्या भरण्याचा मूलभूत हक्क असेल, तर समाजाच्या तळाशी असलेल्या चांभाराला घाम गाळून प्रामाणिकपणे पोट भरण्याचा मूलभूत हक्क नाही काय? साखरसम्राट हा शब्द महाराष्ट्रात किती परिचयाचा आहे हे आम्ही सांगत नाही. आपल्याकडच्या साखरसम्राटांनी हे निकालपत्र वाचले असेल असे वाटत नाही, त्यांच्या उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्यांनी मात्र ते वाचायला हवे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की एशियाडच्या या बांधकामांवर बेगार चालली, आणि दोन महिन्यांनी त्याच इमारतींवरून कॅमेरे फिरत होते. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असे सोळा दिवस. तात्यांच्या खोलीत बसून आम्ही जेवढे पाहिले त्यात अप्पू हत्ती शेकडो वेळा दिसला. परात उचललेला माणूस एकदाही दिसला नाही. कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात. बरोबर आहे, तो बोलतच नाही. त्याला कुठे वळवायचे हे ज्याच्या हातात असते तो बोलतो. त्याच दिवसांत अकालींच्या निदर्शनांची धास्ती म्हणून हरियाणातून दिल्लीकडे येणाऱ्या शिखांना रस्त्यात अडवून त्यांच्या झडत्या घेतल्या जात होत्या. निवृत्त लष्करी अधिकारीही त्यातून सुटले नाहीत. पडद्यावर मात्र विविधतेतील एकतेची नृत्ये चालली होती.

खेळ वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही आरडाओरडा करून गळा बसवून घेतला होता. एम. डी. वल्सम्माने चारशे मीटर अडथळ्यांत सुवर्ण घेतले तेव्हा कॉटवरच्या बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. पी. टी. उषाची शंभर आणि दोनशे मीटरमधली रौप्यपदके, चार्ल्स बोरोमिओची आठशे मीटर, सतपालची कुस्ती. भारताला तेरा सुवर्णांसह सत्तावन्न पदके मिळाली. महिला हॉकीत सुवर्णपदक आले, कर्णधार आपल्या पुण्याची एलिझा नेल्सन. तिचे नाव आज किती मराठी माणसांना माहीत आहे?

लोकांना माहीत आहे ते दुसरेच नाव. १ डिसेंबरचा पुरुष हॉकीचा अंतिम सामना. समोर पाकिस्तान, प्रेक्षकांत इंदिरा गांधी, आणि सबंध देश टीव्हीपुढे. पहिला गोल भारताचा. नंतर एकामागून एक सात गोल पाकिस्तानचे. गोलरक्षक होता मीर रंजन नेगी. हॉकीत चेंडू गोलात जातो तेव्हा तो आधी दहा जणांना चुकवून आलेला असतो. बचावफळी मोडलेली असते, मधली फळी मागे पडलेली असते. पण पडद्यावर शेवटी एकच माणूस दिसतो, आडवा पडलेला गोलरक्षक. सात वेळा तो तसा दिसला. दुसऱ्या दिवसापासून तो देशद्रोही झाला. पैसे खाल्ले, पाकिस्तानला विकला गेला, असे वाट्टेल ते बोलले गेले. पुरावा कसला? तर आम्ही टीव्हीवर पाहिले! तात्यांच्या खोलीतही आम्ही सगळे नेगीला शिव्याच देत होतो, हे कबूल केले पाहिजे. त्या माणसाने कित्येक वर्षे तो कलंक वागवला. पुढे २००७ साली त्याच्या अनुभवावर बेतलेला म्हणून ‘चक दे इंडिया’ गाजला तेव्हा याच माध्यमांनी त्याला पुन्हा बोलावून हारतुरे दिले. कॅमेऱ्याने केलेला न्याय असा असतो.

आणि याच डोळ्याचे एक जातिवंत रूप आपण २०२१ साली पाहिले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियाने ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून संघ हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरापुढे काही जणांनी फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे म्हटल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसांत दिली. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. नेगीला निदान गोलरक्षक म्हणून शिव्या मिळाल्या. वंदनाने तर त्या स्पर्धेत गोल वाचवायचे नव्हते, मारायचे होते, आणि तिने ते मारले होते.

दिल्लीने यातून धडा घेतला का? २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धा आल्या. तेच शहर, तेच नेहरू स्टेडियम, आणि मजुरांचे तेच रडगाणे घेऊन त्याच संघटनेला पुन्हा न्यायालयात जावे लागले, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात. न्यायालयाने अरुंधती घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने पाहणी करून कामगार कायदे मोडले जात असल्याचे सांगितले. अठ्ठावीस वर्षे मध्ये गेली होती. झोपडपट्ट्या पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून रस्त्याकडेला फलक आणि पडदे उभे केले. स्टेडियमजवळचा पादचारी पूल सप्टेंबरात कोसळून वीसहून अधिक मजूर जखमी झाले, तेव्हा कुठे चार दिवस मजूर टीव्हीवर दिसला, तोही देशाची नाचक्की झाली या बातमीत! त्याच्या मोडलेल्या हाडांची ती बातमी नव्हती.

याहून मोठी गोष्ट आमच्या लोकांना ठाऊक असायला हवी. अनुसूचित जातींच्या विकासासाठी विशेष घटक योजनेत राखून ठेवलेले शेकडो कोटी रुपये दिल्ली सरकारने या स्पर्धांच्या खर्चाकडे वळवले. दलित हक्क संघटनांनी ते उघड केले आणि तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांना राज्यसभेत हे चुकले म्हणून मान्य करावे लागले. दलित विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचा, वस्तीतल्या गटाराचा, नळाचा तो पैसा. १९८२ साली मजुरीतून रुपया कापला होता, २०१० साली थेट तिजोरीतूनच कापला. प्रक्षेपणाची गोष्ट तर विचारूच नका. हाय डेफिनिशन चित्रे जगाला दाखवायची म्हणून प्रसारभारतीने एका ब्रिटिश कंपनीला २४६ कोटींचे कंत्राट दिले आणि त्या व्यवहारावर पुढे शुंगलू समितीने ताशेरे ओढले. चित्र इतके स्पष्ट की खेळाडूच्या कपाळावरचा घाम मोजता यावा. बाकीच्यांच्या घामासाठी एवढ्या स्पष्टतेची गरज कोणाला वाटली नाही.

गिरणी संपाचे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. दादांना गिरणीने परत घेतले नाही. ते बिगारीच राहिले, नंतर एका इमारतीत वॉचमन झाले. आम्ही कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी ते निकालपत्र घरी आणून त्यांना मराठीत सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. चांभाराचे वाक्य पुन्हा सांगायला लावले. मग विचारले,

“मग त्या मान्सांना रुपया परत मिळाला का?”

आम्ही पाने पुन्हा चाळली. कायदे पाळले जातात की नाही हे पाहायला न्यायालयाने तीन निरीक्षक नेमल्याचा मजकूर होता, तो वाचून दाखवला. दादा “बरं” म्हणाले. खिशातून विडी काढली, पेटवली नाही, आणि टीव्ही लाव म्हणाले. कसलीशी मॅच चालू होती. तोवर घरात आमचा स्वतःचा संच आला होता, रंगीत.